महिनाभर दारू थांबवणं आणि चुकीची मोजदाद

‘महिनाभर दारूला हात लावणार नाही’ असं कुणी जाहीर केलं की लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, हे सगळं ढोंग आहे. नव्याचे नऊ दिवस. महिना संपला की मागची सगळी कसर भरून काढणार. सोडायची तर कायमची सोडा, नाहीतर गाजावाजा करू नका. दुसऱ्या तटाला तो महिना म्हणजे पराक्रम वाटतो. रोज एका दिवसाची भर, रोज त्याची जाहिरात, तिसाव्या दिवशी विजयाची घोषणा. दोन्ही तट एकमेकांवर तुटून पडतात, पण मोजमाप दोघांचंही एकच: माणूस टिकला की नाही, आणि किती दिवस टिकला? हा वाद फसतो तो इथेच. ठरावीक मुदतीसाठी दारू थांबवणं ही निग्रहाची परीक्षा नाही. आपल्या संध्याकाळी, आपली झोप, आपण मनाशी ठरवलेली कामं यांतली किती जागा दारूने अडवली आहे, याची ती तपासणी आहे. मोकळी झालेली जागा स्वतःच्या एखाद्या ठरवलेल्या कामाला दिली, तर त्या तपासणीतून काही उभं राहतं. नुसते कोरे दिवस मोजून हाती फारसं लागत नाही, आणि एक दिवस मोडला म्हणून सगळं वाया गेलं असं मानणं तर घातकच आहे.

सगळ्यात वजनदार आक्षेप आधी घेऊ. ज्याचं शरीर दारूवर अवलंबून झालं आहे, सकाळी घोट घेतल्याशिवाय ज्याचे हात स्थिर राहत नाहीत, त्याने एके दिवशी मनाने ठरवून एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांतच कंप, घाम, धडधड सुरू होते. पुढच्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर मृत्यूही ओढवतो. अशा माणसाला ‘महिनाभर सोडून दाखव’ असं आव्हान देणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं आहे. त्याने आधी डॉक्टरांना गाठायचं. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि अशा उपक्रमांचा उत्साहाने प्रचार करणाऱ्यांनी ही गोष्ट कोपऱ्यात बारीक अक्षरात न सांगता पहिल्याच वाक्यात सांगायला हवी.

पण यातूनच टीकाकार पुढचं पाऊल टाकतात. ज्यांना खरी गरज आहे त्यांनी हे करायचं नाही, आणि जे हौसेने करतात त्यांना गरजच नाही. मग हा खटाटोप कुणासाठी? वरवर बिनतोड वाटणारा हा युक्तिवाद एका गृहीतावर उभा आहे: जगात दोनच प्रकारचे पिणारे असतात, व्यसनी आणि निर्धोक. हे गृहीत खोटं आहे. ब्रिटनचे साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८१ साली हृदयविकाराच्या संदर्भात एक गोष्ट मांडली होती. फार मोठा धोका असलेली माणसं थोडी असतात आणि थोडाफार धोका असलेली माणसं पुष्कळ असतात. त्यामुळे आजाराची जास्त प्रकरणं बऱ्याचदा या दुसऱ्या, ‘ठीकठाक’ दिसणाऱ्या मोठ्या गटातून येतात. दारूलाही हे लागू पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच दारूला कर्करोगकारक ठरवलं. आणि आरोग्याला अजिबात धोका नाही अशी दारूची कोणतीही मात्रा नाही, असं त्या संघटनेने २०२३च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं. म्हणजे व्यसनी नसलेला, रोज संध्याकाळी दोन पेले घेणारा, कामाला वेळेवर जाणारा माणूस या प्रश्नाच्या बाहेर नाही. त्याला कुणी व्यसनी म्हणत नाही, त्यामुळे त्याला कुणी काही विचारतही नाही. स्वतःला विचारायची वेळ त्याच्यावर येणार तरी केव्हा?

दुसरा आक्षेप: महिना संपल्यावर माणसं दुप्पट पितात. ही भीती रास्त आहे, कारण दडपलेली गोष्ट उसळून वर येते असा आपल्या सगळ्यांचा अनुभव असतो. पण इथे अंदाजावर विसंबायची गरज नाही. ब्रिटनमध्ये अल्कोहोल कन्सर्न या संस्थेने २०१३ साली जानेवारीभर दारू बंद ठेवण्याची मोहीम सुरू केली. पहिल्या वर्षी चार हजारांच्या आसपास लोक सामील झाले आणि पुढे ती झपाट्याने पसरली. ससेक्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड डी व्हिसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या ८५७ जणांचा सहा महिन्यांनंतर मागोवा घेतला आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहा महिन्यांनंतर ही माणसं आधीपेक्षा कमी दिवस पीत होती, आणि पेला समोर आल्यावर ‘नको’ म्हणता येईल असा त्यांचा विश्वास वाढला होता. उसळून जास्त पिणारे निघाले, पण थोडेच. त्याहून लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की ज्यांना पूर्ण महिना पाळता आला नाही, त्यांच्यातही बदल त्याच दिशेचा होता. फक्त तो कमी होता. या पाहणीच्या मर्यादा उघड आहेत. माणसं स्वतःहून आलेली, उत्तरं त्यांच्याच तोंडची, आणि सहा महिन्यांनी उत्तर द्यायला जे उरले ते बहुधा जास्त चिकाटीचे. म्हणून ‘महिनाभर थांबलात की सुधारलात’ असा दावा यावरून करता येणार नाही. पण ‘महिना संपला की दुप्पट’ हे छातीठोकपणे सांगणाऱ्यांना मात्र आता पुरावा द्यावा लागेल.

शरीराचे फायदे वाद घालण्यापलीकडचे आहेत, म्हणून त्यावर थोडक्यात. लंडनमधल्या एका अभ्यासात मध्यम ते जास्त पिणाऱ्या ९४ निरोगी माणसांनी महिनाभर दारू बंद ठेवली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांचा इन्सुलिनला होणारा प्रतिरोध (रक्तातली साखर आवरणाऱ्या या संप्रेरकाला शरीराने दाद न देणं) साधारण एक चतुर्थांशाने कमी झाला, रक्तदाब उतरला, वजन दीड टक्क्याने घटलं. झोपेचं गणित तर कुणालाही घरी पडताळून पाहता येतं. दारूने डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटत राहते आणि स्वप्नांच्या झोपेचा वाटा कमी होतो. आठ तास अंथरुणात काढूनही सकाळी अंग जड राहतं ते त्यामुळे. मात्र थांबवल्यावर सुरुवातीच्या काही रात्री उलट वाईट जाऊ शकतात. हे आधी सांगितलं नाही तर माणूस तिसऱ्या रात्री तळमळत पडतो आणि ‘मला हे मानवत नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

पण एवढं सगळं असूनही शरीराच्या आकड्यांसाठी माणसं फार काळ थांबत नाहीत. यकृत दिसत नाही, रक्तदाब जाणवत नाही. जाणवते ती संध्याकाळ. माझी एक मैत्रीण नोकरी सांभाळून प्रबंध लिहीत होती आणि तिसऱ्या प्रकरणावर अडली होती. घरी आल्यावर साडेसातला ती टेबलाशी बसायची, फाईल उघडायची, शेजारी पेला. पहिला पेला संपेपर्यंत कालचाच परिच्छेद वाचून व्हायचा, एखादा शब्द इकडचा तिकडे व्हायचा. दुसरा पेला भरायला उठायची ती फाईल बंद करूनच. तिचा कामावर कधी खाडा पडला नाही, कुणाशी भांडण झालं नाही, कधी तोल गेला नाही. डॉक्टरांनी विचारलं असतं तर तिने ‘कधीकधी, थोडी’ असं सांगितलं असतं, आणि ते तिला मनापासून खरं वाटलं असतं. थांबवल्यावर पहिल्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की साडेसात ते साडेदहा हे तीन तास केवढे लांबलचक आहेत. पेला ही तिच्यासाठी दिवस संपल्याची खूण होती. ती खूण काढून घेतल्यावर दिवस संपेचना. मग तिने ती खूण लिखाणाला जोडली. एक पान झालं की दिवस संपला असं धरायचं, मग आठ वाजलेले असोत की अकरा. प्रकरण पुढे सरकलं ते या बदलामुळे. दारू नुसती बंद करून ती तशीच बसून राहिली असती, तर ते तीन तास तिने फोनच्या पडद्यावर घालवले असते आणि महिना ‘यशस्वी’ झाला असता. अशा यशाचं काय करायचं?

इथे कुणी विचारेल, मग पूर्ण बंद कशाला? कमी केली तरी संध्याकाळ मोकळी होतेच. हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि पुष्कळांना आयुष्यभरासाठी तेच योग्य ठरेल. पण तपासणीसाठी ‘कमी’ उपयोगी नाही. भिंतीला लागलेलं कपाट पुढे ओढल्याशिवाय मागची ओल दिसत नाही. ते बोटभर सरकवून काय दिसणार? शिवाय ‘कमी’ ही मर्यादा रोज नव्याने ठरवावी लागते. आज कमी म्हणजे किती? पाहुणे आलेत तर? कालची राहिलेली आज चालेल का? अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांना २००५ साली नोबेल मिळालं ते संघर्ष आणि सहकार्य यांच्या विश्लेषणासाठी, पण माणूस स्वतःशीच कसा संघर्ष करतो यावरही त्यांनी पुष्कळ विचार केला. त्यांचा मुद्दा असा, की स्वतःला आवरायचं असेल तर रेषा अशा ठिकाणी आखावी जिथे वाटाघाटीला जागाच उरत नाही. शून्य ही तशी रेषा आहे. एकदा ठरवलं की रोजची घासाघीस संपते, आणि ती घासाघीस करण्यात जाणारी डोक्याची शक्ती कामाला उरते. मुदतही म्हणूनच महत्त्वाची. ‘कायमची’ म्हटलं की मन लगेच वीस वर्षांनंतरच्या एखाद्या लग्नात जाऊन उभं राहतं आणि आजची संध्याकाळ हातची जाते.

‘सोडायची तर कायमची’ म्हणणाऱ्यांनी इतिहासाकडेही एकदा पाहावं. आयर्लंडमध्ये थिओबाल्ड मॅथ्यू या कॅपुचिन पंथातल्या कॅथलिक धर्मगुरूने १८३८च्या एप्रिलमध्ये कॉर्क शहरात दारू न पिण्याच्या शपथेवर सही केली आणि पुढच्या काही वर्षांत लाखो माणसांना ती शपथ दिली. माणसं मैलोन्‌मैल चालत येत, गर्दीत गुडघे टेकून आयुष्यभराचं वचन देत. दारूवरचं सरकारी उत्पन्न खरोखर घसरलं. त्या चळवळीचं मोठेपण मी नाकारत नाही. तिने वाचनालयं काढली, वाद्यवृंद उभे केले, संध्याकाळी बसायला दुसरी जागा दिली. पण तिचा सगळा डोलारा एका माणसाच्या हातून घेतलेल्या शपथेवर उभा होता. पुढे दुष्काळाने देश उद्ध्वस्त झाला, मॅथ्यू अमेरिकेला गेले, आणि ती लाट जशी आली तशी ओसरली. साधारण त्याच काळात, १८४० साली, अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये सहा पिणाऱ्यांनी एकत्र येऊन वॉशिंग्टोनियन चळवळ सुरू केली. तीही प्रचंड वाढली आणि दहा वर्षांच्या आत विरली. शपथा आयुष्यभराच्या होत्या, म्हणून त्या आयुष्यभर टिकल्या का? तरीही त्या चळवळीतली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. १८४२ साली स्प्रिंगफील्डमध्ये तिच्या सभेत तरुण वकील अब्राहम लिंकन बोलले. आधीचे सुधारक पिणाऱ्याला शिव्याशाप देत राहिले म्हणून हरले, हा त्यांच्या भाषणाचा गाभा होता. ज्याला बदलायचं आहे त्याला आधी तुम्ही त्याचे मित्र आहात हे पटलं पाहिजे. आजचे दोन्ही तट एकमेकांची टर उडवण्यात जी शक्ती घालवतात ती पाहिली, की पावणेदोनशेहून जास्त वर्षांपूर्वीचं ते भाषण कुणी मनावर घेतलंच नाही असं वाटतं.

आणि आयुष्यभराचा संयम ज्यांना खरोखर अटळ आहे, ते तो कसा पाळतात? १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल विल्सन हे शेअर दलाल आणि बॉब स्मिथ हे शल्यविशारद भेटले आणि त्यातून दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना उभी राहिली. तिथली शिकवण ‘फक्त आजचा दिवस’ अशी आहे. ज्यांना एक थेंबही चालत नाही तेसुद्धा मुदत चोवीस तासांचीच घेतात. मग ज्याला इतकी निकड नाही त्याने महिन्याची मुदत घेतली तर तो हास्यास्पद कसा? माझ्याविरुद्ध इथे एक मुद्दा निघतो, आणि तो खरा आहे: त्या गटांत दिवस मोजतात, त्याची पदकंही देतात. ज्याला एक पेला पुन्हा गर्तेत नेऊ शकतो त्याच्यासाठी प्रत्येक कोरा दिवस ही खरी कमाई आहे. त्याच्या मोजदादीबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. पण ती मोजदाद उसनी घेऊन, तिच्यामागची निकड मात्र सोडून देऊन, सगळ्यांच्या गळ्यात बांधली की नुकसान होतं.

ते नुकसान कसं होतं ते नीट पाहायला हवं, कारण बहुतेकांचे संकल्प तिथेच बुडतात. सतरा दिवस पाळले आणि अठराव्या दिवशी एका निरोप समारंभात पेला हातात आला. तो प्यायल्याचं नुकसान किती? एका संध्याकाळचं. पण मनातली पाटी कोरी होते, सतराचा शून्य होतो, आणि आता मोडलंच आहे तर मोडलं, या विचाराने दुसरा, तिसरा, मग उरलेला महिना. बुडत्याचा पाय खोलात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी १९८०च्या दशकात हेच बारकाईने मांडलं: एकदा घसरणं वेगळं आणि पुन्हा जुन्या सवयीत जाऊन पडणं वेगळं, आणि पहिल्यातून दुसरं घडतं ते बऱ्याच अंशी त्या घसरण्याचा माणूस काय अर्थ लावतो त्यावरून. ‘मी दुबळाच’ असा अर्थ लावला की पुढची वाट उताराची. ‘समारंभात उभ्याने, उपाशीपोटी, हातात काही नसताना मी घसरतो’ असा अर्थ लावला की पुढच्या समारंभाची तयारी करता येते. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी सवयी कशा जडतात ते तपासलं, तेव्हा नवी सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत निघाला, मधला आकडा ६६. आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे तीस दिवसांत माणूस नवा होतो ही भाबडी आशा, आणि एका दिवसात सगळं धुऊन जातं ही निराधार भीती. दोन्ही सोडून द्याव्यात.

ध्येयाचं काय, तर ते एकच असावं आणि इतकं ठोस असावं की आज झालं की नाही हे रात्री सांगता यावं. ‘तब्येत सुधारायची’ हे ध्येय नाही. ‘सकाळी सहाला उठून अर्धा तास चालायचं’ हे आहे. मी अशी माणसं पाहतो जी एकाच पहिल्या तारखेला दारू, साखर आणि फोन सोडतात, व्यायाम आणि नवी भाषा सुरू करतात, आणि दहाव्या दिवशी यातलं काहीही शिल्लक नसतं. शिस्तीचा असा डोंगर एकदम उचलण्यात मोठेपणा वाटत असेल, पण त्यात कुठल्याच एका कामाचं भलं होत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनात वारंवार आढळलं आहे, की ‘मी हे करीन’ एवढंच ठरवणाऱ्यांपेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं ठरवणाऱ्यांच्या हातून काम जास्त होतं. म्हणून अवघड वेळ आधी ओळखावी. घरात पाऊल टाकल्यावरची पहिली वीस मिनिटं बहुतेकांना सगळ्यात अवघड जातात. त्या वीस मिनिटांत हात, पाय आणि तोंड कशात गुंतलेले असतील हे सकाळीच ठरलेलं असलं की अर्धी लढाई तिथेच होते.

राहता राहिली मित्रमंडळी. ‘एकच घे रे, काय होतं?’ हे वाक्य प्रेमाने येतं, आणि म्हणूनच त्याला तोंड देणं कठीण. सोड्याच्या पेल्यात लिंबाची फोड टाकून तो पेला रात्रभर हातात धरून फिरणारी माणसं मी पाहिली आहेत. प्यायचं नाही एवढ्यासाठी नव्हे, तर प्रश्न टाळण्यासाठी. औषध चालू आहे, गाडी चालवायची आहे, उद्या लवकर उठायचं आहे, अशी कारणं त्यांना तयार ठेवावी लागतात. पिण्याला कारण लागत नाही आणि न पिण्याला लागतं, ही स्थिती त्या माणसाने एकट्याने बदलायची नाही. यजमानाने भरलेला पेला पुढे करण्याआधी ‘काय घेणार?’ एवढं विचारलं आणि उत्तर ऐकून घेतलं, तर पुष्कळांचा महिना सोपा होईल.

एकतिसावा दिवस मात्र ज्याचा त्याचा. त्याबद्दल कुणीच बोलत नाही, कारण दिवस मोजणाऱ्यांसाठी गोष्ट तिथे संपलेली असते. माझ्या मते तिथे खरा हिशोब मांडायचा असतो, आणि तो पहिला पेला भरण्याआधी, कागदावर. महिनाभरात कोणत्या पेल्याची आठवण झाली आणि कोणत्या पेल्याची झालीच नाही? जुन्या मित्राबरोबरच्या गप्पांत आठवण झाली असेल आणि मंगळवारी एकट्याने टीव्हीसमोर झाली नसेल, तर मंगळवारचा पेला परत आणायचं कारण काय? हाती घेतलेलं काम कुठवर आलं, आणि ते पुढे न्यायला आठवड्यातल्या किती संध्याकाळी कोऱ्या लागतील? उत्तर प्रत्येकाचं वेगळं येईल. कुणी आठवड्यातून एकदाच पिईल, कुणी काम पूर्ण होईपर्यंत मुदत वाढवील, कुणाला दारू नकोशीच झालेली असेल. आणि कुणाला असं आढळेल की कामात लक्ष लागलं नाही, महिन्यातला एकही दिवस तिच्या विचाराशिवाय गेला नाही, दुपारी चारपासूनच जीव कासावीस व्हायचा. त्याने तीस दिवस पाळले असोत वा नऊ, तो नापास झालेला नाही. हा विचार कोणत्या वेळी सुरू होतो, किती वेळ टिकतो, झोप किती मोडते, हे आता त्याला नेमकं सांगता येतं. तोच कागद घेऊन त्याने डॉक्टरांकडे जावं. ‘कधीकधी, थोडी’ या उत्तरावरून कुठल्याच डॉक्टरला जे कळलं नसतं, ते त्यात लिहिलेलं आहे.